एका काठीसाठी सात शनिवार

मुलासाठी सांगून आलेल्या मुली नाकारणारे बाप मी पाहिले होते. काठ्या नाकारणारा बाप माझ्याच नशिबी आला.

काठी म्हणजे मासे पकडायची, आणि तीही तयार नव्हे, नुसता ब्लँक. ब्लँक म्हणजे कोरा दांडा. त्याला मूठ नाही, दोरा ओवायच्या कड्या नाहीत, रीळ बसवायला जागा नाही. ते सगळं मागाहून आपल्या हाताला साजेल तसं बसवून घ्यायचं. पण मुळात दांडाच चुकला, तर वर सोन्याच्या कड्या लावल्या तरी उपयोग नाही.

आई गेल्यावर बाबांना मी भंडाऱ्याकडच्या गावाहून पुण्याला घेऊन आले. कात्रजला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि नोकरी हिंजवडीत, म्हणजे शहराचं एक टोक आणि दुसरं टोक. सकाळी सातला कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी आठ-साडेआठला परत यायचं. मधला दिवसभर बाबा गॅलरीत बसून खणलेला रस्ता बघत असायचे. हा माणूस जन्मभर तलावांच्या मुलखात राहिलेला. पोस्टातली ड्यूटी संपली की गळ घेऊन पाण्यावर. इथे त्यांच्या वाट्याला पाणी यायचं ते नळाचं, तेही सकाळी दोन तास.

दुसऱ्या महिन्यात एकदा जेवताना ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीले मी घरी जातो. मंग नाई येत."

तिकडे होतं काय? रिकामं घर, शेजारी कोणी नाही, वर रक्तदाब. मी ठरवलं, यांना पाणी मिळालं की हे राहतील. खडकवासला बसने तासाभरावर. फक्त एक चांगली काठी हवी. मनगटाला हलकी, छोट्या चिलापीने गळाला नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळेल अशी, पण दांडगी मरळ लागली तर मोडणार नाही अशी. सगळ्याला चालणारी एकच काठी.

असे ब्लँक मिळत ते सहकारनगरात, एका निवृत्त इंजिनिअरांच्या गॅरेजमध्ये. गृहस्थ काठ्या बांधायचे आणि ब्लँक बाहेरून मागवायचे. मी पहिल्या दिवशी लांबी, वजन, ताठपणा यांचा छापलेला तक्ताच घेऊन गेले. त्यांनी तो वाचलाही नाही. "अहो, आपण चपला दुसऱ्याच्या पायात घालून बघता का? वडिलांना घेऊन या."

बाबा येईनात. गुडघे दुखतात म्हणाले. शेवटी गृहस्थांनी मोठ्या मनाने, आणि कपाळावर तितकीच मोठी आठी घालून, एकेक ब्लँक आठवड्याच्या बोलीवर घरी न्यायला दिला. "ओरखडा पडला तर तो तुमचा."

मग दर शनिवारी आमच्या घरात परीक्षा सुरू झाली. सकाळी मी ब्लँक आणायचे. जेवणं झाली की बाबा तो बुडाशी धरून हलवायचे आणि टोक किती वेळ थरथरतं ते बघायचे. मग टोक छताला टेकवून बाक बघायचा. मग टोकाला साखरेची पिशवी टांगायची आणि मी स्टुलावर उभं राहून बाक कुठून सुरू होतो ते पेन्सिलीने भिंतीवर मांडायचे. हे करताना बाबांच्या गोष्टी चालत. कुठल्या तलावात कुठली मरळ, आईने कुठला मासा कसा केला होता. पाच वाजायचे. आणि पाच वाजता निकाल लागायचा: नापास.

पहिली काठी फार कडक. दुसरी फार लेचीपेची, "हिले मरळ लागली तं मरळच आपल्याले घेऊन जाईन." तिसरी मला इतकी आवडली होती की मी मनात तिला कड्यासुद्धा लावून टाकल्या होत्या. टोक नाजूक, कंबर भक्कम. बाबांनी ती दोनदा हलवली आणि म्हणाले, "बूड जड आहे बाई." चौथी दोन तुकड्यांची, बसमधून न्यायला सोयीची. तिचा जोड डुगडुगतो म्हणे. तो जोड मी स्वतः ओढून पाहिला, हात दुखले तरी हलला नाही. पाचवी कशाने नापास झाली ते आता आठवतही नाही. सहावीच्या वेळी मी स्टुलावरून उतरून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चहाची भांडी आपटली. आठवडाभर ऑफिसात लोकांची मनं सांभाळायची आणि शनिवारी काठीची!

सहावी परत करायला गेले तेव्हा गृहस्थही वैतागले होते. "आपल्याला मासा पकडायचाय की मुहूर्त?" असं म्हणून ते आत गेले आणि एक ब्लँक घेऊन आले. "ही न्या. तुमची तिसरीच आहे. नंबराची चिठ्ठी काढलीय. बघा काय म्हणतात."

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. तीच गोष्ट पुन्हा दिली आणि वेगळं उत्तर आलं, की बिघाड कुठे आहे ते शोधायचं, एवढंच मला येतं.

बाबांनी काठी हलवली. छताला टेकवली. साखर टांगली. पाच वाजता म्हणाले, "टोक ठीक आहे. पन बूड लय हलकं आहे वं."

"बाबा, ही तीच आहे. तिसरी. तेव्हा बूड जड होतं."

बाबा साखरेची पिशवी सोडायला लागले. गाठ सुटेना.

"सहा शनिवार मी खणलेल्या रस्त्यातून रिक्षाने ब्लँक नेते-आणते आहे," माझा आवाज चढला होता. "तुम्हाला काठी हवीच नाही का?"

"पाहिजे नं."

"मग?"

"काठी झाली का तू मले एकट्याले धरनाच्या बसमंधी बसवून देशीन." गाठीकडे बघतच ते म्हणाले. "आता तं पाच वाजेपर्यंत जवळ बसते."

मला राग आला. खरं सांगायचं तर तो राग खोटं ऐकल्याचा नव्हता. काठीच्या तक्त्यात मी एकोणीस रकाने केले होते आणि विसावा कुठेच लिहिला नव्हता: ही मिळाली की माझे शनिवार मोकळे. बाबांनी नेमका तोच वाचला होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच भांडते. "मला दर शनिवारी नाही जमणार बाबा. कामं असतात मला."

"दर शनिवारी कोन म्हन्ते? एक सांग."

मनातल्या मनात मी पुढचे चार शनिवार चाळले. एकालाही हात लावता येत नव्हता. मग ऐकलं की मीच म्हणते आहे, "उद्या जाऊ."

"उद्या इतवार आहे. आन काठी कुठं बांधून आहे?"

"तशीच जाऊ."

रविवारी आम्ही स्वारगेटला बस बदलून रिकाम्या हातांनी खडकवासल्याला गेलो. ज्या गुडघ्यांना सहकारनगरपर्यंत रिक्षा झेपत नव्हती, ते धरणामागच्या उतारावरून माझ्यापुढे उतरले. मी मागून सँडल सावरत, चिडचिड करत. बाबा पाण्याजवळच्या दगडावर बसले आणि पाण्यावर नजर फिरवत राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, "ते पाह्य. मरळ. हवा घ्याले वर येते." काठापासून वीतभर अंतरावर पाणी फुगलं आणि मिटलं. पुन्हा थोडं पलीकडे. दोन हात लांबीची तरी असेल, म्हणाले. सात आठवडे जिच्यासाठी काठ्या वाकवल्या ती समोर होती आणि आमच्याकडे साधा दोरासुद्धा नव्हता. मी कपाळावर हात मारला. बाबा मात्र पोट हलेपर्यंत हसले. आई गेल्यानंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

मरळ चौथ्यांदा वर आली तेव्हा पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "दिवाळीले जातो, घर झाडतो, अन् आठ दिवसात येतो वापस."

मी "या" म्हटलं. आणखी एक शब्द बोलले असते तर तिथेच रडले असते.