पोस्ट बॉक्सवाली जाहिरात

बहरीनमध्ये नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असायचा: रिलीज आहे? शिक्षण, अनुभव, वय, हे सगळं त्यानंतर. रिलीज म्हणजे आधीच्या मालकाने लिहून दिलेलं पत्र, की हा माणूस दुसरीकडे कामाला लागला तर आमची हरकत नाही. ते नसेल तर व्हिसा संपल्यावर विमानात बसायचं. आणि ते मागायचं म्हणजे आपण जायला निघालो आहोत हे मालकाला स्वतःच्या सहीने कळवायचं. अनेक कंपन्यांत रिलीजचा अर्ज हाच राजीनामा धरत. त्यामुळे नोकरी शोधणारा प्रत्येकजण 'रिलीज आहे' असं सांगायचा, आणि जवळपास कोणाकडेच ते नसायचं. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी मनामामधल्या एका बांधकाम साहित्याच्या पेढीत पत्रव्यवहाराचा कारकून होतो. त्याआधी मुंबईत एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. ते बंद पडलं म्हणून इकडे आलो. परत जाऊन बसायला खुर्ची नव्हती; गावी आईवडील, बायको आणि पहिलीतली मुलगी होती. त्या वर्षी पेढीतलं काम आटलं. मला अर्ध्या दिवसावर आणलं गेलं. दुपारी एकला टाइपरायटरवर झाकण घालायचं आणि बाहेर पडायचं. मेअखेरीला व्हिसा संपत होता. तो वाढवणार का, असं मी मार्चमध्ये मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "बघू. वर विचारतो." एप्रिल लागला तरी तो बघतच होता.

म्हणजे माझ्यापाशी दोन महिने होते, आणि त्यांतला एक शोधण्यात गेला. रोज सकाळी इंग्रजी पेपरातलं वर्गीकृत जाहिरातींचं पान मी ऑफिसात वाचायचो, घरी नाही. त्याला कारण होतं.

आम्ही एका फ्लॅटमध्ये तिघं राहायचो. एक पुण्याचा अकाउंटंट, माझ्याहून चार वर्षांनी लहान, बोलायला तिखट. दुसरे महाडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, ज्यांना आम्ही चाचा म्हणायचो. ते सित्रा बेटावरच्या एका कंपनीत होते. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर यायची, तिने जायचे. तिथं नेमकं काय करता असं विचारलं तर म्हणायचे, "जे पडेल ते." मी पुढे विचारलं नाही. आपण एक प्रश्न विचारला की समोरचाही एक विचारणार, हा हिशेब त्यामागे होता. चाचांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. त्यांच्या घरच्या पत्रांवरचे पत्ते, बँकेचे आणि व्हिसाचे फॉर्म मी भरून द्यायचो. तेवढाच आमचा व्यवहार.

मी यायच्या आधी त्या फ्लॅटमध्ये माझ्या जागी दुसरा माणूस होता. त्याने एकदा जेवताना सांगितलं की उद्या आपली मुलाखत आहे. तिसऱ्या दिवशी त्याच्या मालकाला ते कळलं आणि महिन्याभरात तो परत गेला. कोणी सांगितलं हे कधी सिद्ध झालं नाही. मला ही गोष्ट अकाउंटंटने सांगितली आणि चाचांनीही. दोघांच्या सांगण्यात बोट दुसऱ्याकडे होतं. तेव्हापासून फ्लॅटमध्ये नोकरीचा विषय निघत नसे. चाचा अधूनमधून विचारायचे, "कामाचं कसं काय चाललंय?" मी म्हणायचो, "ठीक आहे."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती जाहिरात आली. पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून पाहिजे, उत्तम इंग्रजी, बांधकाम क्षेत्राचा अनुभव असल्यास प्राधान्य, रिलीज आवश्यक. अर्जासोबत फोटो, पासपोर्टची आणि सीपीआर कार्डाची, म्हणजे तिथल्या ओळखपत्राची, प्रत. कंपनीचं नाव नाही, फोन नाही. फक्त पोस्ट बॉक्सचा नंबर.

वर्णन माझ्यावर बेतल्यासारखं होतं, आणि मला तेच खटकलं. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या मॅनेजरने केबिनचं दार लावून स्वतः काहीतरी टाइप केलं होतं. चार वर्षांत त्याने स्वतः एक ओळ टाइप केलेली मी पाहिली नव्हती. पेढीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा. मग या एका कागदाला मी का नको होतो? नाव न देता जाहिरात करायची आणि आपल्यातलाच कोण अर्ज करतो ते पाहायचं, असे प्रकार झाल्याचं ऐकिवात होतं. माझा अर्ज माझ्याच मॅनेजरच्या टेबलावर जाऊन पडला असता.

बॉक्सचा नंबर आमच्या पेढीचा नव्हता, पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. मालकाच्या तीन कंपन्या होत्या. मी व्यापारी डिरेक्टरी काढून बसलो. ती कंपन्यांच्या नावांनुसार लावलेली होती, नंबरांनुसार नाही. बांधकाम, वाहतूक, सुटे भाग अशी पानं बोट फिरवत वाचली. दोन दुपारी गेल्या. तो नंबर मिळाला नाही. अर्ज तयार होता, पाकिटावर पत्ता लिहिलेला होता. ते मी पेटीत टाकलं नाही.

मग मी पोस्टात जाऊन उभा राहिलो. मनामाच्या मोठ्या पोस्टात भिंतभर लोखंडी कप्प्यांची दारं होती, प्रत्येकावर नंबर. कंपन्यांची माणसं किल्ली घेऊन यायची, टपाल काढायची, जायची. तो कप्पा खालून तिसऱ्या ओळीत होता. मी समोरच्या बाकावर हातात दोन हवाईपत्रं घेऊन बसायचो, दुपारी दीड ते तीन. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच कोणीतरी येऊन गेलं असावं. तिसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी चाचा आले.

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, कप्पा उघडला, पाकिटांचा गठ्ठा बाहेर घेतला. लगेच निघाले नाहीत. खिडकीच्या उजेडाला गेले आणि एकेक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. सगळी पाहून झाल्यावर ती कापडी पिशवीत टाकली आणि बाहेर उभ्या असलेल्या पिकअपमध्ये बसून निघून गेले. ते आत येताना दिसले तेव्हाच मी बाकावरून उठून खांबाआड गेलो होतो. त्यांनी मला पाहिलं नाही.

ज्याला इंग्रजी येत नाही तो माणूस दुसऱ्यांच्या अर्जांची पाकिटं उजेडात धरून पाहतो, याचा मी एकच अर्थ लावला. अर्जांमध्ये फोटो होते, पासपोर्टच्या प्रती होत्या. असे कागद गोळा करून व्हिसाच्या धंद्यात विकणारे लोक होते. त्यांच्यात आता मी चाचांनाही धरलं. त्या रात्री माझा पासपोर्टच्या प्रतींचा लिफाफा मी गादीखालून काढून बॅगेत ठेवला आणि बॅगेला कुलूप घातलं.

दोन दिवसांनी अकाउंटंटला सांगितलं, नोकरीचा भाग वगळून. तो शर्टला इस्त्री करत होता.

"चाचा? आणि व्हिसाचा धंदा?" तो म्हणाला. "अहो, त्यांना स्वतःचा व्हिसा फॉर्म तुम्ही भरून देता."

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत? माणूस पोस्टातून टपाल काढतो हे? छापा मग. पहिल्या पानावर." त्याने कॉलर उलटी केली. "आणि पत्रकारसाहेब, तुम्ही भर दुपारी तीन दिवस पोस्टात काय करत होतात?"

मी विषय बदलला. त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि मला जरा जास्त वेळ न्याहाळलं. मी नोकरी शोधतोय हे आता त्याला कळलं होतं.

मेच्या पहिल्या शुक्रवारी चाचा स्वयंपाकघरात शेरी मासा साफ करत होते. सुट्टीचं जेवण त्यांच्याकडे असायचं. मी पाणी प्यायला गेलो. त्यांनी मान वर न करता म्हटलं,

"तुझा अर्ज नाय आला."

मी ग्लास खाली ठेवला. "कसला अर्ज?"

"कारकुनाच्या जागेचा. आमच्या कंपनीत. मी रोज पाकिटं बघत होतो." त्यांनी सुरी धुतली. "तुझा हात मी ओळखतो. पाच वर्षं माझ्या पाकिटांवर तूच लिहितोयस. इंग्रजी नाय येत, पण तुझा तो लांब शेपटीचा अक्षर येतो. साहेबाला मी सांगून ठेवलेला, आमच्या खोलीत एक शिकलेला माणूस हाय, त्याचा अर्ज येईल. तो म्हणाला, येऊ दे, वर ठेवतो."

माझी चार वर्षं त्यांनी पाच केली होती. मी ते दुरुस्त केलं नाही. "मग मला सांगितलं का नाही?"

"तू बोललास कधी, काम शोधतो म्हणून? तीनदा विचारला. तीनदा बोललास, ठीक आहे." ते आता माझ्याकडे पाहत होते. "वरून मना तंबी होती. जाहिरात कोणाची ते तोंडातून काढायचा नाय. जुना कारकून अजून खुर्चीवर हाय. त्याला पत्ता नाय त्याची जागा भरतायत म्हणून."

"आता?"

"आता खलास. बुधवारी माणूस घेतला."

बाहेरच्या खोलीत अकाउंटंटने टीव्हीचा आवाज कमी केला होता. चाचांना ते कळलं असावं, कारण त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. कंपनीच्या शेडमधला, कामगारांची हजेरी ठेवणारा टाइमकीपर आजारी होता आणि तो परत गावी चालला होता. ती जागा अजून कोणाला ठाऊक नव्हती. कागद घेऊन सकाळी बसमध्ये बस, ते म्हणाले. मी तेव्हाही विचार करत होतो की हा माणूस माझ्याकडून पासपोर्टची प्रत तर मागत नाही ना. त्यांनी मागितली नाही. "कागद तूच हातात धर," एवढंच म्हणाले.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. सित्र्याच्या पुलावर त्यांनी सांगितलं, "आत जो बसलाय त्याच्याशी जास्त बोलू नको. तोच तो. एक तारखेला नवा येणार. तोवर फायली नीट राहाव्यात म्हणून सांगत नायत."

तो जुना कारकून मंगळूरकडचा होता, पंचावन्नच्या आसपासचा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला, फॉर्म पुढे केला. मी भरत असताना तो वरून पाहत होता. रिलीजच्या रकान्याशी आलो तेव्हा त्याने फॉर्मवर बोट ठेवलं.

"यहाँ कुछ मत लिखो," तो हळूच म्हणाला. "लिखा तो कागज मांगेगा. मुँह से बोलना."

"आपको यहाँ कितने साल हुए?" मी विचारलं. बोलायचं नव्हतं तरी विचारलं.

"सत्रह. अच्छी कंपनी है. किसी को निकालते नहीं."

आतल्या साहेबाने तोच प्रश्न पहिला विचारला. मी म्हणालो, नाही, अजून मागितलेलं नाही. आठ दिवसांत आणतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या चाचांकडे, आणि म्हणाला, "आठ दिवस."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मॅनेजरला लेखी अर्ज दिला. त्याने तो वाचला, किंचित हसला. "टाइप करून आण. सही करतो." माझं रिलीज मीच टाइप केलं. त्याने न वाचता सही केली आणि शिक्का मारला. व्हिसा तो वाढवणार होता की नाही, आणि त्या दिवशी दार लावून काय टाइप केलं होतं, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचं कारणही संपलं होतं.

एक जूनला मी शेडमध्ये रुजू झालो. पत्र्याखाली हजेरीची वही, एक पंखा, एक टेबल. अकराच्या सुमाराला मंगळूरकडचा कारकून माझ्या रुजू होण्याचा फॉर्म घेऊन आला. खिशाला पेनं नव्हती. एकच होतं, हातात. सकाळी साडेसातला तो ऑफिसात पोचला तेव्हा त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला होता. हे त्याने मला सांगितलं, जणू मला ते नवीन होतं.

मग तो म्हणाला, "उस दिन तुमको मालूम था?"

शेडच्या तोंडाशी चाचा पिकअपची काच पुसत होते. त्यांचा हात थांबला. मी हो म्हटलं असतं तर त्याचा पुढचा प्रश्न, कोणी सांगितलं, हाच असता.

"नहीं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास बसला की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. फॉर्म टेबलावर सरळ करून त्याने सहीची जागा दाखवली, पेन माझ्या हातात दिलं आणि मी लिहीपर्यंत तिथेच उभा राहिला.

"तारीख भी डालो," तो म्हणाला.