मावशींच्या हातची कॉफी

आमच्या सेंटरचे किस्से फ्रीजवर साठणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे आहेत. कुणाचा कुठला ते कळत नाही, झाकणं सापडत नाहीत, आणि टाकून द्यायचा धीर होत नाही. पुण्याला गेले की मैत्रिणी म्हणतात, "सांग ना मस्कतच्या गमती!" मी सांगायला लागते, त्या हसतात, आणि अर्ध्यावर माझेच कान गरम होतात. कारण ह्यातल्या बहुतेक गमतींमध्ये गंमत आमची झालेली असते, आणि ती सांभाळून समोरच्यांनी घेतलेली असते.

तर आधी ओळख. मस्कतच्या गाला भागात गॅरेजांच्या मागे एक भाड्याचा व्हिला आहे. तिथे पॅलेस्टिनी कुटुंबांसाठी सेंटर चालतं. खाली माझी फिजिओथेरपी, वर समुपदेशनाची खोली, मागच्या हॉलमध्ये भरतकाम, मुलांचं नाचगाणं वगैरे. चालवते सलमा, इब्री गावची ओमानी बाई, कधी आवाज न चढवणारी. व्हॅन चालवतात शब्बीरभाई, दापोलीकडचे, आयुष्य गल्फमध्ये गेलेलं. दुभाषेही तेच. आणि आमच्या दार्सैतमधल्या मराठी मंडळातर्फे मदत घेऊन येतात कुलकर्णी काकू.

*

मी कामाला लागले तेव्हा मला अरबी शून्य! शब्बीरभाई म्हणाले, "मॅडम, घाबरायचा नाय. मी शिकवतो ना."

शिकवलं. ऊठ, बस, झोप, हात वर, पाय खाली, यल्ला म्हणजे चल लवकर, खलास म्हणजे पुरे. महिन्याभरात मी फाडफाड बोलायला लागले. पेशंट पटापट उठायचे, पटापट बसायचे. मला वाटायचं, काय प्रगती आहे!

एकदा उम्म खालिद, म्हणजे खालिदची आई, सलमाला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे. पण आधी पोलिसात होती का?"

मी शब्बीरभाईंना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, माजी अरबी सगली अर्बाबच्या, म्हंजे मालकाच्या तोंडची. तो काय मला प्लीज म्हणायचा?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी हसले. पण नंतर आठवलं की इतके दिवस मी त्या बायकांवर खेकसत होते, आणि त्या बिचाऱ्या मुकाट्याने हात वर करत होत्या.

*

ह्या उम्म खालिद म्हणजे आमच्या सेंटरचा केंद्रबिंदू. गाझाहून इजिप्तमार्गे इथे मुलाकडे आलेल्या. मी त्यांना सरळ मावशी म्हणायला लागले. अर्थ सांगितला तर त्यांना तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या कुणी नावाने हाक मारली की त्या ओ देईनात. मला त्या 'बिन्ती' म्हणायच्या, म्हणजे माझी मुलगी.

त्यांचा उजवा खांदा मोडून वेडावाकडा जुळलेला होता. "भिंत पडली," एवढंच सांगायच्या. जणू भिंतीला चक्कर आली होती. हात छातीच्या वर जायचा नाही.

पहिल्या दिवशी मी शिकलेला प्रश्न विचारला. सगळ्यांनाच विचारतो आम्ही. "मावशी, एक ते दहामध्ये सांगा, दुखणं किती?"

त्यांनी सलमाकडून प्रश्न पुन्हा समजावून घेतला. मग मला विचारलं, "खांद्याचंच विचारतेस ना?"

"हो."

"मग तीन."

मी तीन लिहून घेतलं. दुसरं काय करणार होते?

*

मावशींची मुलगी हनान तिकडेच राहिलेली. तिला बाहेर काढायची खटपट खालिद रोज करत होता. कधी नाव पुढे सरकायचं, कधी अडकायचं. मावशींचं मात्र पक्कं होतं. "हनान येणार. ती आली की तुम्ही सगळ्यांनी घरी यायचं. कॉफी मी ओतणार. ह्याच हाताने."

ही कॉफी साधी नाही बरं का! एरवी त्या छोट्या भांड्यात गोड कॉफी करतात. पण घरात काही मोठं घडलं की पितळी दल्ला निघतो, लांब चोचीचा, हंड्यासारखा जड. त्यात कडू कॉफी, आणि ती उंचावरून छोट्या कपात ओतायची, एक थेंब न सांडता.

माझ्या रबर बँडना आणि डंबेल्सना मावशी हात लावेनात. "हे खेळणं कशाला?" शेवटी मी म्हटलं, घेऊन या तुमचा दल्ला! आणला त्यांनी. मग रोज पाणी भरून आमचा सराव सुरू. डाव्या हातात कप, उजव्यात दल्ला. पाणी कपात कमी आणि माझ्या टेबलावर जास्त. पुढच्या गॅरेजवाल्याने एकदा शब्बीरभाईंना विचारलं, "तुमच्या डॉक्टरीणबाई चहाचं दुकान काढतायत काय?"

दल्ला छातीपर्यंत यायचा आणि थरथरायचा. मावशी दात आवळून म्हणायच्या, "यल्ला बिन्ती, हाताला घाई कर. ती येईल आणि हा तयार नसेल!"

मी म्हणायचे, "इन्शाल्ला." पुस्तकाप्रमाणे मला माहीत होतं की तो खांदा एवढाच उघडणार. त्यांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

*

आता आमच्या मंडळाची कर्तबगारी ऐका.

काकूंनी ठरवलं, कुटुंबांना जेवणाचे डबे द्यायचे. मसालेभात, कोशिंबीर, शिरा. हौसेने केलं, खोटं का बोलू! फक्त एक अट होती, देतानाचा फोटो हवा. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला.

मावशींना काकूंनी मध्ये उभं केलं, हातात डबा दिला आणि मला म्हणाल्या, "अगं थांब, माझा पदर नीट होऊ दे." तेवढ्यात मावशींना काय वाटलं कोण जाणे. त्या वाकल्या, पिशवीतून खजूर भरलेल्या बिस्किटांचा आपला डबा काढला, काकूंच्या हातात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून झकास हसल्या. काकूंनी सवयीने दोन्ही हात पुढे केलेले!

फोटो ग्रुपवर गेला. खाली मंडळाचं वाक्य, "गरजूंना मदतीचा हात." आणि फोटोत दोन्ही हातांनी घेतायत कुलकर्णी काकू.

पुढच्या आठवड्यात आमचे सगळे डबे परत आले. एकही रिकामा नाही! ऑलिव्ह, भरलेले दोडके, मसूरभात. एका बाईने तर शिऱ्याचा डबा शिऱ्यानेच भरून पाठवला होता, चव ओळखून घरी करून. काकू डब्यांकडे बघत राहिल्या. "रिकामा डबा तर आपणही परत करत नाही गं," त्या म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी ह्यांना काय समजत होते?"

फोटो त्यांनी ग्रुपवरून काढून टाकला. नंतर फ्रेम करून घरी लावला.

*

एक किस्सा मी सांगायचा टाळते, पण निघालाच आहे विषय तर.

सेंटरचा सांस्कृतिक कार्यक्रम होता. त्यांची मुलं त्यांचा नाच करणार, आमचं मंडळ लेझीम आणि ढोल. "मुलं खूश होतील!" असं मीच सलमाला सांगितलं होतं. ती जरा थांबली होती, पण आमचा उत्साह बघून काही बोलली नाही.

हॉल लहान, ढोल मोठा. पहिली थाप पडली आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

मुलं खुर्च्यांखाली होती. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मोठ्यांनी धाकट्यांना आत ओढून घेतलं होतं. आमच्या ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

काकू पुढच्याच रांगेत होत्या. एक चिमुरडी खुर्चीखालून बाहेर आली, काकूंचा पदर धरला आणि ओढायला लागली. काकूंना समजेना. तिने आणखी जोर लावला. मग ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांच्या आमच्या कुलकर्णी काकू खाली बसल्या, खुर्चीखाली डोकं घातलं, आणि त्या मुलीने आपले दोन तळवे त्यांच्या कानांवर ठेवले.

सगळं शांत झालं तरी काकू बाहेर येईनात. मी वाकून म्हटलं, "काकू, संपलं."

"तिने अजून हात काढले नाहीत गं," काकू म्हणाल्या.

ढोल त्या दिवसापासून माझ्या माळ्यावर आहे. तो दिसला की मी नजर वळवते.

*

इतक्या फजितीनंतर आम्ही शहाणं व्हायचं ठरवलं. मी त्यांच्या रीती शिकायला लागले. मावशींनी पहिली शिकवली ती कॉफीची. कॉफी संपली की कप खाली ठेवताना म्हणायचं, "दायमा!" म्हणजे तुमच्या घरी असंच नेहमी घडत राहो. आणि यजमानीण उत्तर देणार, "सहतेन," म्हणजे तुम्हाला दुप्पट आरोग्य.

"बघा," मी म्हटलं, "मला एक आरोग्य देताना नाकी नऊ येतात, तुम्ही एकदम दोन देता!" मावशी खो खो हसल्या.

मी ते "दायमा" सगळ्यांना शिकवलं. काकू तर व्हॅनमध्ये घोकायच्या. मला अभिमान वाटायचा. निदान एक गोष्ट तरी आम्हाला बरोबर येत होती.

*

आणि मग तो गुरुवार. सलमा इब्रीला माहेरी गेलेली. सकाळपासून माझ्या पेशंट बायकांचे फोन, आज येत नाही. एकीला शब्बीरभाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, "आम्ही सगळ्या उम्म खालिदकडे चाललोय. हनानसाठी."

शब्बीरभाईंनी फोन ठेवला आणि टाळीच वाजवली. "मॅडम! आली पोरगी!"

मी काकूंना फोन केला. त्यांनी पेढे घेतले. मी अबोली रंगाचा कुर्ता घालून आले. शब्बीरभाई वाटभर "यल्ला, यल्ला" करत होते. त्यांना नेहमीच घाई.

बिल्डिंगखाली खुर्च्या मांडलेल्या, माणसांची गर्दी. शब्बीरभाई पुरुषांत थांबले, आम्ही वर गेलो. बायकांनी खोली भरलेली. सगळ्या काळ्या अबायांत, पण मस्कतमध्ये काळे कपडे बघून कोण काय ओळखणार? मोबाइलवर कुराण चालू होतं. ते तर इथे किराणा दुकानातही चालू असतं. पुष्कळ जणींचे डोळे लाल होते. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "लेक इतक्या दिवसांनी आली की असंच होतं गं." त्यांचेही डोळे भरले.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाकून मिठी मारली. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की मला तो आनंदच वाटला.

काकू खोलीभर नजर फिरवत होत्या. "हनान कुठली गं? ती उंच, गोरी?" आम्ही त्या उंच मुलीकडे बघून हसलो. तिने मान खाली घातली. लाजते आहे, असं आम्ही ठरवलं.

माझा फोन वाजायला लागला. शब्बीरभाई! यल्ला म्हणून घाई करणार, दुसरं काय. मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला, आणि मग बंदच करून टाकला.

एका बाईने कॉफी आणली. कडू. पितळी दल्ल्यातली! मी काकूंना कोपर मारलं, बघा, निघाला मोठा दल्ला! आम्ही कॉफी संपवली. पेढ्यांचा बॉक्स काकूंच्या मांडीवर होता, सोनेरी कागदाचा. आम्ही एकमेकींकडे बघितलं, कप खाली ठेवले, आणि घोकलेलं, चांगलं खणखणीत, दोघींनी मिळून म्हटलं,

"दायमा!"

कुणीतरी मोबाइल बंद केला. कॉफी देणारी बाई आमच्याकडे बघतच राहिली. त्या उंच मुलीने तोंडावर ओढणी घेतली. आणि मला समोरच्या टेबलावरचा फोटो दिसला, हसऱ्या, मावशींसारख्याच जिवणीच्या बाईचा, त्याच्यापुढे खजुरांची ताटली.

काकूंनी बॉक्सवर पदर टाकला. मला जमिनीकडेही बघवेना.

तेवढ्यात मावशी उठल्या. त्यांनी त्या बाईच्या हातातून दल्ला काढून घेतला. उजव्या हाताने. माझ्यासमोर आल्या, डाव्या हाताने माझा कप उचलला आणि दल्ला वर नेला. छातीच्या वर, खांद्याच्या वर, अगदी कपाळापर्यंत. उंचावरून ओतली. एक थेंब सांडला नाही.

"सहतेन," त्या म्हणाल्या.

मग तो हात तसाच वर धरून मला म्हणाल्या, "शूफी, बिन्ती. बघ. तयार झाला."