माळावरच्या दगडाला शेंदूर

वेल्ह्याच्या बाजूला आमच्या गावाचं गायरान आहे. तिथल्या माळावर कंबरेएवढे काळे दगड गोल मांडलेले होते. पुण्याहून आलेल्या एका अभ्यासक बाईंनी सांगितलं, की फार जुन्या काळच्या माणसांनी आपली मेलेली माणसं इथं पुरली आणि भोवती हे दगड लावले. आम्ही ऐकून सोडून दिलं. माझ्या चुलत्यांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी आपली गुरं गोलात शिरू दिली नाहीत. "मानसं हायती हितं. त्यांच्या मागं कोन राह्यलंय?" म्हणायचे.

पुढं माळापलीकडं प्लॉट पडले आणि रस्त्यासाठी जेसीबी आला. रस्ता नेमका गोलातून. चुलत्यांनी गावात विनवण्या केल्या, कचेरीत हेलपाटे घातले. चार दगडांसाठी रस्ता वळवायला कोण रिकामं बसलंय? शेवटी त्यांनी पहाटे जाऊन सगळ्यात उंच दगडाला शेंदूर फासला. ही अक्कल आमच्या गावचीच. आमच्याकडं सरकारी पाटीला कुणी भीक घालत नाही, पण शेंदराला हात लावायची छाती होत नाही. ड्रायव्हरनं चपला काढून हात जोडले आणि मशीन मागं घेतलं. रस्ता गोलाच्या खालच्या अंगानं गेला. चुलते पुढं कितीतरी दिवस खुशीत होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

पण देव उन्हापावसात उघडा बसलाय, हे गावाला बघवेना. देऊळ बांधायचं ठरलं. जोत्याला भर हवी होती, बाकीचे दगड आयते समोर होते. चुलते आडवे गेले. तेही देवाचेच आहेत म्हणाले. मग देवाच्याच कामी येऊ द्या की, असं गवंडी म्हणाला, आणि चुलत्यांना बाजूला व्हावं लागलं. पाया खणताना खापरं निघाली, हाडं निघाली. सगळं आत लोटून वर चकचकीत फरशी बसवली.

मी संतापलो. आता तरी गावाला सांगा, शेंदूर तुम्ही लावला होता म्हणून, असं मी त्यांना सुनावलं.

"कुनाला सांगू?" ते म्हणाले. "आपली सून काल लेकरासाठी नवस बोलून आली. डागदर समदे झाले तिचे. आता येवढंच हाय तिला."

दिवेलागणीला सून ताट घेऊन देवळाकडं निघाली. चुलते तिच्यासोबत गेले, मीही मागं गेलो. तिनं डोळे मिटले तसे त्यांनीही मिटले आणि हात जोडले.