शिट्टीची चढाई

पांढरकवड्याच्या मैदानावर तो रोज कबड्डी बघायला यायचा. मुका होता, नाव मी कधी विचारलं नाही. रेषेबाहेर उकिडवा बसून प्रत्येक चढाईला मांडीवर थाप मारायचा. चढाईत 'कबड्डी कबड्डी' म्हणावंच लागतं, म्हणून त्याला कोणी खेळायला घेत नसे.

मग आमच्या टीमनं त्याच्या तोंडात शिट्टी दिली. शिट्टी वाजते तोवर दम चालू. मारेगावची टीम आली, तेव्हा तिचा कप्तान अडून बसला. आमचा म्हणाला, "दम तुटला का नाही, शिट्टीतून समजते ना? मंग कायले अडवता?"

पंचांनी मान डोलावली. तो आत शिरला, एकाला शिवून वळला, तोच दोघांनी पाय धरले. शिट्टी बारीक होत गेली. रेषा वीतभर राहिली आणि शिट्टी थांबली. पंच घुटमळले. आता दया येऊन ते त्याला वाचवतील, याचीच मला धास्ती. तेवढ्यात त्यानं स्वतःच बाद झाल्याचा हात वर केला.

मारेगावची पोरं नाचायला लागली. तो धुळीत पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघून तोंडभर हसत होता. त्याला बाद केल्याचा आनंद आजवर कोणाला झालाच नव्हता.