जयगडच्या अलीकडे

पाथर्डीच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले आसाराम आणि त्यांची बायको मालनबाई यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा गोरक्ष मात्र समुद्रावर कामाला होता. बापाच्या हाताखाली इंजिन उघडायला शिकला, थोडे दिवस नगरच्या एमआयडीसीत काढले आणि मित्राच्या ओळखीनं कोकणात हर्णैला गेला. तिथं मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. टँकरच्या पाण्यावर वाढलेला पोरगा पाण्यावर कमावतो, याची गावाला गंमत वाटायची.

एका दिवाळीच्या सुमाराला वादळ झालं. बोट परत आली, बाकीचे खलाशी परत आले, गोरक्ष आला नाही. बातमी ऐकून मालनबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून आसाराम त्यांच्यापाशी थांबले आणि पुतण्या हर्णैला जाऊन आला. प्रेत सापडलं नव्हतं. मालनबाईंनी दहावं होऊ दिलं नाही. सून स्नेहलला मंगळसूत्र काढू दिलं नाही.

"आपल्याकडची मानसं दसऱ्याला जात्यात अन् उन्हाळ्यात माघारी येत्यात," त्या म्हणायच्या. त्यांचे आईबाप ऊसतोडीला जायचे. लहानपणी आजीजवळ राहून त्यांनी दर साली त्यांची वाट पाहिली होती, आणि दर साली ते आले होते.

दोन वर्षं गेली. मग मिरजगावहून स्नेहलचे वडील आले. तिच्यासाठी एक स्थळ होतं, बायको वारलेला चांगला माणूस. स्नेहलनं एवढंच सांगितलं, "आत्या हो म्हनल्या तरच." सासूला ती आत्या म्हणायची.

 दोन दिवसांनी मालनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, मला तिथं न्या. वादळात बोटी घावंल त्या बंदराला लागल्या हुत्या म्हनं. कुन्या दुसऱ्या बोटीनं उचलला आसंल त्याला. डोक्याला मार लागला आसंल, घर आठवत नसंल. मी सोता इचारते. मंग स्नेहलचं बोलू."

आसारामांना खरं काय घडलं ते पुतण्याकडून कळलेलं होतं, पण बायकोला सांगायचा धीर झाला नव्हता. तरी त्यांनी एसटीचा पास काढला आणि दोघं निघाली.

हर्णैच्या धक्क्यावर गोरक्षच्या बोटीचा तांडेल त्यांना घ्यायला आला. बोटीचा प्रमुख तोच होता. वादळानंतर त्यानं खोल समुद्रातली मासेमारी सोडली होती आणि आता तो छोटी लाँच चालवायचा. मालनबाईंचं म्हणणं त्यानं मान खाली घालून ऐकलं. "चला आई," तो म्हणाला. "जयगडपर्यंतची सगळी बंदरं दाखवतो."

लाँच हलली तशा मालनबाई आसारामांचा दंड धरून बसल्या. त्यांना उलट्या झाल्या, पण आडवं व्हायला त्या तयार होईनात. किनाऱ्याकडंच बघत राहिल्या.

दाभोळला धक्क्यावर कोळणी मासे निवडत होत्या. मालनबाईंनी मोबाईलवरचा गोरक्षचा फोटो पुढं केला. एका कोळणीनं पदराला हात पुसून मोबाईल घेतला आणि बराच वेळ निरखला. "आमच्या इथं नाही आला गो," ती म्हणाली. मग तिनं मालनबाईंना खाली बसवून चहा पाजला.

पुढचं बंदर बोऱ्याचं. तिथं जाळं शिवणारा एक म्हातारा फोटो बघून म्हणाला, "असा एक आहे. घाटावरचाच आहे, बोलतोही तुमच्यासारखा." मालनबाई उठल्या आणि वाळूतून जवळजवळ पळत सुटल्या. आसाराम मागून हाका मारत होते. माडाच्या झापांच्या खोपटातून एक तरुण बाहेर आला. दाढी तशीच होती. पण तो बीडकडचा दुसराच कुणीतरी होता.

मालनबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्याच्या गालावरून हात फिरवला.

"जेवला का रं?" त्यांनी विचारलं.

"व्हय मावशी," तो गोंधळून म्हणाला.

दोघं परत लाँचमध्ये बसली. जयगडचा किल्ला दिसायला लागला तेव्हा मालनबाईंनी तांडेलकडं तोंड वळवलं. "तू हुतास ना तिथं? मंग सांग मला."

तांडेलनं आसारामांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"वादळात मशीन बंद पडली, आई. बोट लाटेला आडवी झाली असती तर कुणीच उरलं नसतं. गोरक्ष खाली उतरला. पाण्यात उभा राहून त्यानं मशीन चालू केली. मग मला सांगायला वर आला. हसत होता. 'तांडेल, झाली चालू,' म्हणाला. तेवढ्यात लाट आली. मी त्याचा हात पकडला होता. ऑईलनं भरलेला हात. निसटला माझ्याकडून. तो खाली जाताना मी बघितलाय. कुठल्या बोटीनं नाही उचलला."

 मालनबाई म्हणाल्या, "मशीन बंद कर बाबा."

लाँच पाण्यावर नुसती डुलत राहिली.

"पानी द्या त्याला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दोन वर्षं आसाराम त्यांची समजूत घालत होते, आता तो गेला असं धर म्हणून. ते कडेला वाकले. ओंजळ पाण्यात गेली आणि तिथंच राहिली. 

"मला न्हाई जमायचं, मालन," ते म्हणाले. "ह्ये काम मीच शिकवलं त्याला."

मालनबाई सरकत त्यांच्याजवळ गेल्या. त्यांच्या ओंजळीखाली आपले हात लावले आणि दोघांनी मिळून पाणी सोडलं. तांडेल पाठमोरा उभा होता.

"जयगडला नको आता," त्या म्हणाल्या. "माघारी घे."

घरी आल्यावर त्यांनी स्नेहलला समोर बसवलं. तिचं मंगळसूत्र आपल्या हातानं उतरवलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की शेजारच्या बायका दारात आल्या. उन्हाळ्यात मिरजगावला थोडक्यात लग्न झालं. मालनबाईंनी स्नेहलची ओटी भरली. मुलीची आई म्हणूनच त्या मांडवात बसल्या होत्या.

संध्याकाळच्या एसटीनं दोघं परत आली. मालनबाईंनी कुलूप काढलं, पाणी भरलं, चूल पेटवली. भाकरी झाल्यावर ताट वाढून त्या आसारामांसमोर बसल्या. दोघांपैकी कुणाचाही घास उचलेना.

"आदी निदान वाट तरी बघत हुते," मालनबाई म्हणाल्या.

 आसारामांनी एक भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली.