गणपतचा ब्लोअर आणि भाईंचा सोमवार

आमच्या वाडीत काजूवाल्यांचा अकरा घरांचा गट आहे. गटाचा एक ब्लोअर आहे, पाठीला बांधायचा, पेट्रोलवरचा. फेब्रुवारीत झाडांखालचा पाला उडवायचा, म्हणजे पडलेली बी दिसते आणि वणवाही बागेत शिरत नाही. वजन दहा किलो. मी एकतीस वर्षं चिरेखाणीवर काढली. एक चिरा त्याच्या तिप्पट भरतो. तरी सांगतो, हा ब्लोअर सांभाळणं चिरा उचलण्यापेक्षा जड आहे.

सांभाळतो गणपत. मालवण बंदरात पस्तीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करून तो घरी बसला. हात मात्र बसले नाहीत. बायकोचा, राधाबाईचा, चांगला चालणारा मिक्सर त्याने दोनदा खोलला. ब्लोअर सोडला तर त्याच्याकडे आता दुसरं इंजिन नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मे संपला की तो मशीन आवरतो. मी शेजारी बसून पाहिलंय, तीन तास लागतात. टाकी रिकामी करायची. मग कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. फिल्टर धुऊन सावलीत वाळवायचा. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडायचं, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत बसवायचा. प्लास्टिकात गुंडाळलं तर आत घाम धरतं, म्हणून जुनी सुती साडी. शेवटी चुलीच्या खोलीत, चुलीपासून लांबच्या वाश्याला टांगायचं. पावसाळ्यात घरात कोरडी जागा तेवढीच. पेट्रोलचा जरा जरी वास आला तर उंबऱ्याच्या आत आणायचं नाही.

एवढं करूनही गेल्या वर्षी मशीन सतराव्या झटक्याला सुरू झालं. मी मोजले. मातीची घरं बांधणाऱ्या कुंभारीण माशीने सायलेन्सरमध्ये संसार मांडला होता. गटप्रमुख भाईंनी तिथेच निकाल दिला, "फुडल्या वर्साक तीन झटक्यात होऊक व्हया. नायतर मशीन दीपेशकडे." दीपेश म्हणजे वाडीतला तरुण गॅरेजवाला.

म्हणून त्या मेअखेरीस मशीन आवरताना गणपतने सायलेन्सरला चिंधी कोंबली. हवा फेकणारी लांब नळी सोडवून राधाबाईकडे दिली आणि म्हणाला, "गो, हेची दोनय तोंडां बंद कर. कुंभारीण भितर जाता नये."

यंदा फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सगळे भाईंच्या बागेत जमले. गणपत मशीन साडीसकट घेऊन आला. मागून तीन मांजरं आली.

"काय ओ गणपतकाका," दीपेश म्हणाला, "मशिनीक साडी नेसवलास? आता ओटी पण भरा."

"तुझ्या गॅरेजातले गाडये पावसात नागडे उभे आसतत. ते चालू होतत काय?"

गणपतने लिटरभर पेट्रोलला वीस मिली ऑइल सिरिंजने मोजून घातलं. सायलेन्सरची चिंधी काढली. नळीची दोन्ही तोंडं मोकळी करून ती जोडली. आत डोकावला नाही. नळीत बिघडणार काय?

भाईंनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान मशीन जीवापाड सांभाळल्यान आसा. तेचो प्लग पेटू दे, तीन झटक्यात तेका येश दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

गणपतने पाय रोवले. त्याने दोरी ओढली. एक. मशीन सुरू झालं. गणपतने ते पाठीला बांधलं. नळीसमोर उभ्या भाईंना इतका आनंद झाला की ते एकटेच पुन्हा ओरडले, "होय म्हाराजा!" आणि त्याच वेळी गणपतने थ्रॉटल पूर्ण दाबला.

राधाबाईने नळी नीट बंद केली होती. पण कोरडी जागा फुकट का घालवायची, म्हणून आधी आत वर्तमानपत्राच्या पुडीत गोलमो, म्हणजे बारीक सुकट, कोंबून ठेवला होता. पुडी फुटली. ओंजळभर गोलमो थेट भाईंच्या तोंडात गेला.

भाई बावीस वर्षं सोमवार पाळतात. थुंकावं तर समोर देवाचा नारळ. गिळावं तर सोमवार मोडला. त्यांनी तोंड मिटलं आणि गाल फुगवून उभे राहिले.

दीपेशने संधी साधली. "ही काय राखण झाली? भाई, मशीन माका देवा. तुमीच सांगा."

भाई काय सांगणार?

गणपतने मशीन बंद केलं, पण पाठीवरून उतरवलं नाही. "भाई, नळी बघूक नाय ही माझी चूक. झटके किती झाले, तेवढाच सांगा."

वीसेक माणसं भाईंच्या तोंडाकडे बघत होती. मांजरं जास्त लक्ष देऊन बघत होती.

भाईंनी एक बोट वर केलं. तेच बोट गणपतकडे रोखलं, म्हणजे मशीन त्याच्याकडेच. मग झपझप चालत मोठ्या काजूच्या मागे गेले. आम्ही सगळे खाली पाला बघत राहिलो.

दोन मिनिटांनी ते टॉवेलने तोंड पुसत परत आले. तेवढ्यात चहा घेऊन राधाबाई आली. जमिनीवर गोलमो आणि भाईंच्या तोंडाशी टॉवेल बघून तिला सगळं कळलं.

"भाई, खारट नाय मा लागलो?"

"मीठ जरा कमीच आसा," भाई म्हणाले, आणि पटकन टॉवेल पुन्हा तोंडावर धरला.

गणपतने पट्टे आवळले. पुन्हा एकच झटका. भाईंची बाग दीड तासात साफ झाली. मांजरं शेवटपर्यंत नळीच्या पुढे चालत होती.