आडवा गज

आमच्या पेठेत दुपारी कुणी दुकान बंद करत नसे. जेवायला घरी जायचं झालं की कापड मोजायचा लोखंडी गज उंबऱ्यावर आडवा टाकायचा आणि निघायचं. गल्ला तसाच, माल तसाच. आडवा गज म्हणजे मालक आत नाही, आणि मालक आत नसताना गज कुणी ओलांडायचा नाही. चोरसुद्धा ओलांडत नाहीत, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. चोरांचं मला ठाऊक नाही, पण नगरच्या त्या जुन्या कापडपेठेत मी लहानाची मोठी झाले आणि गज ओलांडणारं माणूस कधी पाहिलं नाही. वार जाऊन मीटर आले, मोजायला पट्ट्या आल्या, तरी गज तेवढ्यासाठी राहिला.

अण्णांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा या गजाचा आम्हाला फार आधार वाटला. डॉक्टरांनी बजावलं होतं की एकटं बसू नका. अण्णांनी मान डोलावली आणि जरा उठता-बसता येऊ लागताच परत गादीवर जाऊन बसले. मी शाळेत शिकवते, आई गुडघ्यांमुळे घरात अडकलेली. त्यांच्यापाशी बसणार कोण? शेवटी समोरच्या काकांशी बोलणं झालं. काकांचं बटणं-दोऱ्यांचं दुकान आमच्या अगदी समोर, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. ठरलं ते सोपं होतं. गज कोपऱ्यात उभा आहे आणि अण्णा गादीवर दिसत नाहीत, तर काकांनी हाक मारायची. ओ आली नाही तर उठून जायचं. गज आडवा असला तर चिंता नाही, अण्णा जेवायला गेलेत.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. एकदा अण्णा आतल्या खोलीत घेरी येऊन पडले होते. हाकेला ओ नाही म्हटल्यावर काका हातातली दोऱ्याची रिळं टाकून धावले. त्या वेळी अण्णा वाचले ते काकांमुळे.

पेठेला अवकळा आली होती हे मात्र खोटं नाही. पूर्वी नेवाशाकडची, देवळाली प्रवराकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला जीप भरून यायची आणि अण्णांना पाणी प्यायला सवड नसे. मग गिऱ्हाईक सावेडीच्या मोठ्या दुकानांकडे वळलं. पेठेतली पोरं पुण्याला नोकऱ्या धरून बसली. तेव्हा काही व्यापाऱ्यांनी मिळून समिती केली, पुण्याहून एक वास्तुरचनाकार बाई आणल्या आणि जुन्या पेठेला नवं रूप द्यायचं ठरलं. अण्णा तर हरखून गेले. मीही खूश होते, उगाच कशाला लपवू?

तारा जमिनीखाली गेल्या, खाली दगडी फरशी आली, गाड्या बंद झाल्या, सगळ्या दुकानांना एकसारख्या पाट्या लागल्या. मग खांबाखांबावर स्पीकर बसवले आणि त्यावर दिवसभर सनई सुरू झाली. सनई गोड होती, पण काकांची हाक आमच्या दुकानापर्यंत पोचेना. अण्णा म्हणाले, हाक कशाला, दिसतोय की मी. महिनाभरात दुकानांच्या दर्शनी भागाला लाकडी जाळ्या बसल्या. आतला पसारा रस्त्यावरून दिसू नये, पेठ नीटस दिसावी, असा हेतू होता. जाळीमागे अण्णांची गादी गेली. समोरून पाहिलं तर नुसता अंधार.

मला काळजी लागली ती तेव्हापासून. आधी आवाज गेला, मग नजर गेली, आणि हे काढून घेणाऱ्या कुणाचंही आमच्याशी वाकडं नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी? मी काकांना म्हटलं, आता तुम्हाला कसं कळणार? काकांनी आमच्या दाराकडे बोट केलं.

"गज हाय ना. गज दिसतोय तवर मला समदं कळतंय."

नेमका तोच गज त्या बाईंच्या नजरेत भरला. त्यांनी त्याची कथा ऐकली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या की हीच तर या पेठेची खरी ओळख. समितीनं ठरवलं की उद्घाटनाच्या दुपारी प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्यावर गज आडवा असेल, घासूनपुसून, झेंडूची माळ घालून. मालक आत असो वा नसो. पाहुणे येतील, फोटो काढतील. पुढेही शनिवार-रविवारी दुपारी लोक पेठ बघायला येतील तेव्हा असंच ठेवायचं.

मी अण्णांना म्हटलं, मग गजाला अर्थ काय राहिला? ते चिंच लावून गज घासत बसले होते. हसले आणि म्हणाले, "अगं, एका दुपारीनं काय आभाळ कोसळतंय?"

उद्घाटनाला चौकात मांडव घातला होता. आमच्या शाळेच्या मुलींचं स्वागतगीत होतं, म्हणून मी तिकडे अडकले. अण्णांनी सांगितलं होतं की दुकानात जरा टेकतो आणि येतो. भाषणं लांबत गेली. दुसऱ्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी होती. मी काकांना फोन लावला. ते आपल्या दुकानातच होते.

"गज आडवा हाय," काका म्हणाले. "म्हंजी निगाले असतील तिकडंच."

त्यांनी पाहिलं होतं, विचारल्याबरोबर पुन्हा पाहिलं होतं, आणि आडव्या गजानं जे आजवर सांगितलं तेच त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी सगळ्याच दुकानांचे गज आडवे आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. स्वतःचा गज त्यांनी स्वतःच माळ घालून ठेवला होता. पण सगळा जन्म ज्याच्यावर विश्वास टाकला ते डोळ्यांना दिसत असताना मन दुसरं काही मानत नाही. फोन ठेवल्यावर मी गर्दीत अण्णांचा फेटा शोधत राहिले.

कार्यक्रम उरकून मी पेठेत आले तर काका आमच्या उंबऱ्यापाशी उभे होते. गजाच्या अलीकडे. "अहो, आत हायसा का," असं पुन्हा पुन्हा विचारत होते आणि वर सनई वाजत होती. मी वाकून गज उचलला. माळ तुटून फुलं पायरीवर पडली. अण्णा जाळीमागे ताग्यांना टेकून बसले होते, फेटा मांडीवर. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय. तो बराच वेळ ते जिवंत होते की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही, आणि अजूनही होत नाही.

पेठ छान चालली आहे. लोक येतात, फिरतात, कधी कापडही घेतात. शनिवार-रविवारी दुकान मी उघडते. पंधरा पावलांवर काका असतात. त्या दिवसाविषयी ते माझ्याशी कधी बोलले नव्हते आणि मीही विषय काढला नव्हता. राग होता का माझ्या मनात? होता. कुणावर, ते ठरत नव्हतं.

गेल्या महिन्यातल्या रविवारची गोष्ट. दुपार होती, पेठभर गज आडवे होते. समोरच्या जाळीमागे काही हालचाल दिसेना. मी हाक मारली, दोनदा मारली. सनई चालूच. मी रस्ता ओलांडून गेले. एक जोडपं काकांच्या उंबऱ्यापाशी फोटो काढत होतं, त्यांना बाजूला केलं आणि जन्मात पहिल्यांदा आडव्या गजावरून पाय टाकला.

काका आत बसून पुठ्ठ्यावर बटणं टाचत होते. दचकले. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलणी खाणार. हातातलं बटण खाली ठेवून ते म्हणाले, "मला त्या दिशी एवढंच करायचं हुतं, पोरी. एक पाय उचलायचा हुता."

मी त्यांच्यापाशी बसले. दोघंही रडलो. मग उठून त्यांचा गज कोपऱ्यात उभा केला, रस्ता ओलांडून आमचाही उभा केला आणि गादीवर जाऊन बसले.

चहाच्या वेळेला समितीचा माणूस फेरी मारत आला. त्यानं आधी काकांचा, मग आमचा गज उचलून उंबऱ्यावर नीट आडवा ठेवला, लांबून एकदा पाहिलं आणि पुढे गेला. आत कुणी आहे का, हे त्यानं विचारलं नाही.